फरक २३९ माणसांचा: वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन काउंट्यांचं प्रकरण

१९९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याची लोकसंख्या १७,९३,४७७ भरली. २०२० च्या जनगणनेत ती १७,९३,७१६ भरली. तीस वर्षांत वाढली फक्त २३९ माणसं. आमच्या गावाकडे एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं मांडतात.

हे दोनच आकडे पाहिले तर वाटेल, या राज्यातून कोणी कुठे गेलं नाही आणि बाहेरून कोणी आलंही नाही. पण याच तीस वर्षांत राज्याच्या दक्षिण टोकाच्या मॅकडॉवेल काउंटीत ३५,२३३ माणसं होती, त्यांची १९,१११ झाली. पूर्व टोकाच्या बर्कली काउंटीत ५९,२५३ होती, त्यांची १,२२,०७६ झाली. एक निम्म्याच्या आसपास आली, दुसरी दुपटीच्या पुढे गेली. राज्यात अशा एकूण ५५ काउंट्या. आपल्या जिल्ह्याचं काम तिकडे काउंटी करते, माणसं मात्र बऱ्याचदा आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी असतात.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, आता बरीच वर्षं वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात राहतो. दोन्ही काउंट्या मी पाहिल्या आहेत आणि दोघींच्या जनगणनेचे तक्ते अनेकदा उघडून बसलो आहे. माझं म्हणणं एवढंच, की या प्रकरणात बेरीज फसवते. बर्कलीत वाढलेली माणसं मॅकडॉवेलमधून आलेली नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले दोन ओघ आहेत, आणि कागदावर एकातून दुसरा वजा झाला म्हणून राज्य जागच्या जागी उभं असल्यासारखं दिसतं.

कोळशासाठी आलेली माणसं

१८८० साली मॅकडॉवेलमध्ये ३,०७४ माणसं होती. डोंगर इतके दाटीवाटीचे की सपाट जमीन म्हणजे ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी. अशा घळीला तिथले लोक ‘हॉलर’ म्हणतात. मग नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे डोंगरातून बोगदे काढत आली आणि कोळसा बाहेर पडू लागला. १९०० साली १८,७४७, १९१० साली ४७,८५६, १९३० साली ९०,४७९ आणि १९५० साली ९८,८८७. हा या काउंटीचा कळस. देशात सर्वाधिक कोळसा काढणाऱ्या काउंट्यांत तिचं नाव पहिल्या रांगेत होतं आणि मुख्य गाव वेल्च स्वतःला देशाची कोळशाची कोठी म्हणवून घेत असे.

ही माणसंही स्थलांतरितच होती, हे इथे विसरून चालत नाही. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा इथून कृष्णवर्णीय मजूर आले. इटली, हंगेरी, पोलंडहून आले. १९५० च्या आसपास काउंटीत जवळपास दर चौथा माणूस कृष्णवर्णीय होता. डोंगराळ वेस्ट व्हर्जिनियाचं जे चित्र लोकांच्या डोक्यात असतं त्यात हे बसत नाही.

घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, अनेक ठिकाणी मजुरीही कंपनीने पाडलेल्या बिल्ल्यांत. डॉक्टर कंपनीचा, पाण्याची टाकीही कंपनीची. जमिनीचा आणि तिच्याखालच्या कोळशाचा मोठा भाग बाहेरच्या मालकांच्या नावावर. माणूस दोन पिढ्या तिथे राहिला तरी सातबाऱ्यावर नाव लागावं असं काही त्याच्या हाती आलं नाही. पुढे जे घडलं त्याची मुळं मला इथे दिसतात.

यंत्र आलं आणि रस्ता उत्तरेकडे गेला

१९५० साली खाणकामगारांच्या संघटनेचे नेते जॉन एल. लुईस यांनी खाणमालकांशी करार केला. संघटनेने यंत्रं येऊ दिली, बदल्यात उरलेल्या कामगारांना चांगली मजुरी आणि दर टनामागे कल्याणनिधीत भर. कोळशाचा थर अखंड कापत पुढे सरकणारं यंत्र त्याच सुमारास खाणीत उतरलं. १९४० साली राज्यात सुमारे १ लाख ३० हजार खाणकामगार होते, १९६० च्या सुमारास ते ५० हजारांच्या आत आले. कोळसा निघायचा थांबला नाही. तो काढायला माणसं कमी लागू लागली, इतकंच. फावड्याने डबे भरणारे आधी गेले आणि त्या कामावर कृष्णवर्णीय मजूर जास्त होते, म्हणून त्यांची घरं आधी रिकामी झाली.

मॅकडॉवेलची लोकसंख्या १९६० मध्ये ७१,३५९ आणि १९७० मध्ये ५०,६६६ झाली. वीस वर्षांत जवळपास निम्मी काउंटी उठून गेली. गेली ती ओहायोतल्या रबराच्या कारखान्यांत, क्लीव्हलंडला, डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यांत. अॅक्रन शहरात इतके वेस्ट व्हर्जिनियाकर झाले की त्या शहराला लोक वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी म्हणू लागले. शाळेत तीन गोष्टी शिकवतात, वाचन, लेखन आणि अॅक्रनचा रस्ता, अशी म्हणच तिकडे पडली. शुक्रवारी पाळी सुटली की गाड्या भरून माणसं रात्रभर प्रवास करत घरी यायची आणि रविवारी परत निघायची. हे वाचताना मला मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकावर ट्रंका आणि बोचकी घेऊन बसलेले आमचे चाकरमानी दिसले.

इथे हिशोबाची एक गोष्ट नीट पाहावी लागते. १९५० ते १९६० मध्ये राज्याची लोकसंख्या २०,०५,५५२ वरून १८,६०,४२१ झाली, म्हणजे १,४५,१३१ ने घटली. मग राज्य सोडून तेवढेच लोक गेले का? नाही. आलेले वजा करून गेलेले मोजले तर तो आकडा सुमारे साडेचार लाखांचा आहे. मधली तीन लाखांची खोट जन्मांनी भरून काढली, कारण तेव्हा घरोघरी लेकरं होती आणि जन्म मृत्यूंपेक्षा खूप जास्त होते. लोकसंख्येतला बदल म्हणजे जन्मातून मृत्यू वजा, अधिक आलेल्यांतून गेलेले वजा. दोन वजाबाक्यांची ही बेरीज असते आणि त्यातली एक दुसरीला सहज झाकते. आता उलटं झालं आहे. तरुण गेले, म्हणून जन्म घटले, आणि मागे राहिलेले म्हातारे झाले, म्हणून मृत्यू वाढले. आज मॅकडॉवेलमधून एकही माणूस बाहेर गेला नाही तरी तिची लोकसंख्या कमीच होत राहील. साठ वर्षांपूर्वीचं स्थलांतर आजच्या मृत्यूंच्या नोंदींतून पुन्हा समोर येतं.

मागे कोण राहिलं, याचं एक चित्र इतिहासात टिपलं गेलं आहे. २९ मे १९६१ ला वेल्चमध्ये देशाचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आले होते. केनेडी सरकारने फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना किराणा घेण्यासाठी सरकारी कुपनं देण्याची, योजना प्रायोगिक पातळीवर सुरू केली होती. या योजनेतले पहिले लाभार्थी ठरले पेन्सव्हिलचे आल्डरसन मन्सी आणि त्यांची पत्नी क्लोई. मन्सी काम सुटलेले खाणकामगार. पंधरा माणसांच्या घरासाठी त्यांना ९५ डॉलरचे स्टॅम्प मिळाले आणि हेंडरसन सुपरमार्केटमध्ये त्यांनी पहिली वस्तू घेतली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा. त्या दशकात उत्तरेच्या रस्त्याला लागलेल्यांवर गाणी झाली, लेख झाले. पंधरा माणसांचं बिऱ्हाड घेऊन जे निघू शकत नव्हते त्यांची नोंद अशी एखाद्या डब्यापुरती उरते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर कोळशाला पुन्हा भाव आला. १९७० ते १९८० मध्ये राज्य जवळपास १२ टक्क्यांनी वाढलं, गेलेल्यांतले काही परतले, मॅकडॉवेलची घसरणही ४९,८९९ वर येऊन जवळजवळ थांबली. त्याच काळात नवी घरं बांधणाऱ्यांना वाटलं असेल की वाईट दिवस संपले. १९८० च्या दशकात पोलादाचा धंदा बसला, गॅरी गावाभोवतालच्या पोलाद कंपनीच्या खाणी बंद झाल्या आणि दहा वर्षांत काउंटीने आणखी २९ टक्के माणसं गमावली. १९५० च्या दशकात गेलेल्यांना अॅक्रन होतं. १९८० च्या दशकात खुद्द अॅक्रनमधलेच कारखाने बंद पडत होते. मग ओघ दक्षिणेकडे वळला, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटकडे आणि जवळपासच्या थोड्या मोठ्या गावांकडे.

वेल्चकडे जाताना

माझ्या घरापासून वेल्च साधारण साडेपाच-सहा तासांवर आहे. शेवटचा टप्पा ५२ क्रमांकाच्या जुन्या रस्त्याचा. आंतरराज्य महामार्ग या काउंटीतून जातच नाही. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रूळ, आणि मधल्या पट्टीत एकाच साच्यातली कंपनीची लाकडी घरं ओळीने. एका घरासमोर कुंड्या आणि झोका, शेजारच्याचं छप्पर आत बसलेलं, त्यापुढच्याला कुडझूच्या वेलाने इतकं गिळलेलं की धुराडं तेवढं वर दिसतं. आमच्याकडे बंद घरावर रानवेल चढते तशीच. मी थांबलो होतो तेवढ्यात कोळशाची गाडी गेली. डबे मोजायला लागलो आणि शंभराच्या जवळ आल्यावर सोडून दिलं. गाडीतला कोळसा समुद्राकडे चालला होता आणि रस्त्याकडेला एक वयस्कर गृहस्थ डोंगरातून आलेल्या नळीखाली प्लास्टिकचे कॅन भरत होते. खाणी गेल्या तेव्हा कंपनीने घातलेल्या पाण्याच्या वाहिन्या वाऱ्यावर सोडल्या गेल्या. अनेक वस्त्यांत नळाच्या पाण्यावर भरवसा नाही, म्हणून लोक असं पाणी नेतात.

अशा जागी एखादी गोष्ट बंद झाली की ती फक्त दुकान म्हणून बंद होत नाही. किंबॉल गावात २००५ साली वॉलमार्ट आलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. किराणा, औषधं, नोकऱ्या आणि चार माणसं भेटण्याची जागा एकाच दिवशी गेली. २००१ च्या जुलैत, २००२ च्या मेमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे मोठे पूर आले. ज्यांचं जाणं वर्षानुवर्षं पुढे ढकललं जात होतं त्यातले कितीतरी पुराच्या चिखलानंतर निघतात. आणि व्यसन आहे. वेदनाशामक गोळ्यांचं आणि नंतर त्याहून घातक अमली पदार्थांचं. २०१० च्या आसपास मॅकडॉवेलमधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षं होतं आणि मी राहतो त्या फेअरफॅक्स काउंटीत सुमारे ८२. हा आकडा वाचून मी त्या दिवशी दुसरं काही काम करू शकलो नाही.

एक बारीक गोष्ट तक्ता वाचणाऱ्यांसाठी. वेल्चजवळ केंद्र सरकारचा तुरुंग आहे. जनगणनेच्या नियमाप्रमाणे कैदी जिथे ठेवला असेल तिथला रहिवासी मोजला जातो. म्हणजे त्या १९,१११ मध्ये असे शेकडो जण आहेत जे स्वतःहून तिथे आले नाहीत, तिथल्या दुकानात जात नाहीत, त्यांची मुलं तिथल्या शाळेत नाहीत. गावाची खरी वस्ती आकड्यापेक्षा विरळ आहे.

बर्कली

बर्कलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिची गोष्ट वसई-विरार किंवा बदलापूर पाहिलेल्या कोणालाही आधीच ठाऊक आहे. मार्टिन्सबर्ग हे तिचं मुख्य गाव वॉशिंग्टनपासून पाऊणशे मैलांवर. ८१ क्रमांकाचा महामार्ग अगदी गावाला लागून. सकाळी लोकल सुटते ती सुमारे दोन तासांत वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनला. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधली घरं हाताबाहेर गेली तसे लोक पश्चिमेकडे सरकत राज्याची हद्द ओलांडून इथे आले. नंतर गोदामं आली, प्रॉक्टर अँड गॅम्बलचा मोठा कारखाना आला, माजी सैनिकांचं मोठं रुग्णालय आधीपासून होतंच. शेजारची जेफरसन काउंटीही तीस वर्षांत ३५,९२६ वरून ५७,७०१ झाली. राज्य विद्यापीठामुळे उत्तरेची मोनोंगेलिया ७५,५०९ वरून १,०५,८२२ झाली. राजधानी चार्ल्स्टनची कनावा मात्र २,०७,६१९ वरून १,८०,७४५ वर उतरली.

मॅकडॉवेलचा तरुण मार्टिन्सबर्गला का जात नाही? नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. आपल्याच राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा सोयीचा रस्ता बराचसा व्हर्जिनियातून जातो. तितक्याच किंवा कमी वेळात तो शार्लटला पोचतो, आणि तिथे मामा-काका आधीच स्थिरावलेले असतात. माणूस नोकरीच्या आकडेवारीमागे जात नाही, ओळखीच्या माणसामागे जातो. आमच्याकडे एकेका गावाची मुंबईत स्वतःची खोली असायची, गावचा पोरगा आला की थेट तिथे उतरायचा. तसाच हा प्रकार.

हे ओघ मोजायची अमेरिकेतली पद्धत साधी आणि हुशार आहे. दरवर्षी भरलेल्या करविवरणावरचा पत्ता मागच्या वर्षीच्या पत्त्याशी ताडून पाहतात, पासष्टीच्या पुढच्यांसाठी सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी वापरतात. त्यामुळे एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत किती घरं गेली हे दोन जनगणनांच्या मधेही कळतं. आपल्याकडे २०११ नंतर इतकी वर्षं नव्या जनगणनेचे आकडेच हाती नाहीत, तेव्हा अशा नोंदींचा हेवा वाटतो.

२०११ च्या त्याच जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली होती आणि सिंधुदुर्गाचीही घटली होती, तर तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढला होता. तेव्हा मी मॅकडॉवेल वाचतो तेव्हा घरचंच काहीतरी वाचत असतो. पण दोन फरक मला महत्त्वाचे वाटतात. कोकणातून पुरुष गेला, बायको-म्हातारी मागे राहिली, म्हणून रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मॅकडॉवेलहून अख्खी कुटुंबं उठली. आणि कोकणातलं घर कितीही पडीक असलं तरी जमिनीवर नाव आपलं असतं, भावकीत चार हिस्सेदार का असेनात. गणपतीला कुलूप उघडतं. कंपनीच्या घरात वाढलेल्या माणसाला सणाला उघडायला कुलूपच नसतं. तरीही ते येतात, मे महिन्याच्या शेवटी डोंगरावरच्या दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला.

आकडा सरकला की सत्ता सरकते

१९५० च्या दशकात अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात वेस्ट व्हर्जिनियाचे सहा सदस्य होते. मग पाच, चार, तीन, आणि २०२० च्या जनगणनेनंतर दोन. २०१० ते २०२० मध्ये या राज्याची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी घटली, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त दराने. राज्याच्या आतही वजन सरकलं. विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे आखले जातात, तेव्हा दक्षिणेचे कोळसापट्ट्यातले आवाज कमी आणि पूर्वेचे जास्त होत गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोळशाच्या धंद्यातले जिम जस्टिस पायउतार होऊन पॅट्रिक मॉरिसी राज्यपाल झाले. मॉरिसी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, न्यू जर्सीत वाढलेले, आणि राहायला आले ते जेफरसन काउंटीतल्या हार्पर्स फेरीला. ते चांगले की वाईट हा इथला प्रश्न नाही. राज्याच्या सर्वोच्च पदावरचा माणूस पूर्वेच्या ओघाबरोबर आलेला आहे, ही नोंद मात्र करायला हवी.

२०२१ पासून राज्यात एक योजना आहे. घरबसल्या काम करणाऱ्याने बाहेरून येऊन ठरावीक गावांत दोन वर्षं राहिलं तर १२,००० डॉलर. सुरुवात विद्यापीठाच्या मॉर्गनटाउनपासून झाली. २०२० नंतरच्या काही वार्षिक अंदाजांत राज्यात येणारे जाणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तही दिसले, तरी मृत्यू जन्मांपेक्षा इतके जास्त की एकूण आकडा घटलाच. ही योजना वाईट नाही, पण ती आधीच वाढणाऱ्या किंवा देखण्या गावांना उपयोगी पडते. जिथे नळाच्या पाण्याची खात्री नाही तिथे संगणक घेऊन कोणी येत नाही. आधी पाणी, मग रस्ता, मग शाळा, हाच क्रम मला बरोबर वाटतो.

शाळेच्या बाबतीत एक प्रयत्न झाला, तो मला बाकी सगळ्या योजनांपेक्षा मोलाचा वाटतो. २०११ मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘रीकनेक्टिंग मॅकडॉवेल’ नावाने काम सुरू केलं. त्यात एक अडचण पुन्हा पुन्हा पुढे आली, ती म्हणजे नवे शिक्षक टिकत नाहीत. कारण शोधलं तर निघालं की त्यांना राहायला जागाच मिळत नाही. रिकामी घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती, पण कोणाचं छप्पर गेलेलं, कोणाच्या मालकाचा पत्ता नाही, कोणावर वारसांचा घोळ. भाड्याने देण्याजोगं, पाणी-वीज धड असलेलं घर सापडेना. शेवटी वेल्चच्या मध्यवस्तीत शिक्षकांसाठी सदनिकांची नवी इमारत उभारली गेली. ज्या काउंटीतून सत्तर वर्षांत जवळपास ऐंशी हजार माणसं कमी झाली, तिथे मास्तरांना राहायला जागा नव्याने बांधावी लागली.